जाऊबाईंचा डबा आणि पेशीतली कोयना

पत्र:

नमस्कार डॉक्टर मॅडम,

मी ४७ वर्षांची, कराडला हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. गेले सात-आठ महिने अंगात त्राणच नाही. सकाळी उठतानाच दमलेली असते. चौथ्या तासाला फळ्यावर लिहिताना हात भरून येतो, जिना चढले की धाप लागते. आमच्या थोरल्या जाऊबाई आरोग्याची उत्पादनं विकतात. दिवाळीत त्यांनी एक मशीन घरी आणलं होतं. त्याची दांडी मुठीत धरली की कॉम्प्युटरवर रिपोर्ट येतो. माझा आला : ‘मायटोकॉन्ड्रिया ऊर्जा ३८ टक्के’. त्यावर तीन महिन्यांचा डबा, ११,४०० रुपये. त्यात को-क्यू-टेन, एल-कार्निटिन, सगळी जीवनसत्त्वं असं काय काय आहे. शिवाय मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच मुलांत जातात, तेव्हा लेकीलाही आत्तापासून सुरू कर, असं त्या म्हणतात. मुलगी बारावीला आहे. ती म्हणाली, आई, हे पुस्तकात आहे, खरंच आईकडून येतात. म्हणून मी जास्तच घाबरले. मला साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी सहा वर्षं चालू आहे, बाकी आजार काही नाही. घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. वर्षभर पाळीला जरा जास्तच जातं, पण वयच ते. डबा घेऊ का? नाही घेतला तर जाऊबाईंना काय सांगू?

– एक दमलेली शिक्षिका, कराड

उत्तर:

ताई,

डबा घेऊ नका. मुलीला तर मुळीच देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण घरातल्या माणसाने पुढे केलेला डबा फार दिवस नाकारता येत नाही हे मला माहीत आहे. आता का घ्यायचा नाही ते सांगते. मात्र त्याहून महत्त्वाच्या आहेत त्या पत्राच्या शेवटच्या तीन ओळी. ‘बाकी आजार काही नाही’ म्हणत तुम्ही त्या सहज लिहून गेलात. मशीनला दिसलं नाही ते तिथे आहे.

एक खुलासा करते. मी पेशंट तपासणारी डॉक्टर नव्हे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. पहिल्या वर्षाची पोरं क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या रासायनिक पायऱ्यांचं वर्तुळ, पाढ्यासारखं घोकायची आणि परीक्षा झाली की विसरायची. ‘मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस’ हे एकच वाक्य मात्र जन्मभर टिकतं, आणि नेमक्या त्याच वाक्यावर असे डबे विकले जातात. पॉवरहाऊस म्हटलं की ते मंदावणार, मग त्याला चार्ज करायचं, मग त्यासाठी पावडर. ओळीने सगळं पटत जातं. गोची अशी की हे पॉवरहाऊस तसं चालतच नाही.

आधी शब्द बघू, तुम्ही भाषेच्या म्हणून. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये हे नाव ठेवलं. ग्रीकमध्ये ‘मितोस’ म्हणजे धागा आणि ‘खोंड्रोस’ म्हणजे कण. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला काही धाग्यांसारख्या, काही कणांसारख्या गोष्टी दिसल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचं ‘तंतुकणिका’ केलं. मला हा शब्द मूळ शब्दापेक्षा गोड वाटतो, पण वर्गात कुणी वापरायचं नाही, आणि मशीनवाल्यांना तर तो ठाऊकही नसणार.

आता कोयनेकडे येऊ. कोयना नदी आपल्या स्वभावाने पूर्वेकडे वाहते आणि तुमच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. धरणाने ती अडवली आणि तिचं पुष्कळसं पाणी बोगद्यांतून उलट पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीकडे सोडलं. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारं ते पाणी टर्बाइन फिरवतं आणि वीज होते. वीज काही पाण्यात विरघळलेली नसते. पाणी उंचावर अडलेलं आहे आणि त्याला खाली यायचंय, या ओढीतून ती निघते.

तंतुकणिकेत असंच एक धरण आहे. तिला दोन आवरणं असतात. आतलं आवरण घड्याघड्यांचं असतं, आणि तीच धरणाची भिंत. तुम्ही खाल्लेल्या भाकरीतली साखर, फोडणीतल्या तेलातली स्निग्धाम्लं, वरणातली प्रथिनं हे सगळं तुकडे होत होत क्रेब्ज चक्रापर्यंत येतं. तिथे त्यांतले इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. ते इलेक्ट्रॉन आतल्या आवरणात बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीवरून, हातोहात घमेली पुढे जावीत तसे, पुढे सरकतात. शेवटच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. तो ते घेतो आणि त्याचं पाणी होतं. आपण रात्रंदिवस श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या एका पायरीसाठी. सायनाइड याच पायरीवर घाव घालतं, म्हणून ते काही मिनिटांत जीव घेऊ शकतं.

इलेक्ट्रॉन पुढे सरकताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर साखळीतले पंप प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, भिंतीपलीकडे उपसत राहतात. पलीकडे प्रोटॉनची गर्दी होते. भिंतीच्या दोन बाजूंमध्ये दीड-पावणेदोनशे मिलिव्होल्टचा फरक पडतो. आकडा क्षुल्लक वाटेल, पण भिंत इतकी पातळ आहे की हिशेब केला तर मीटरमागे सुमारे ३ कोटी व्होल्ट भरतात. त्या प्रोटॉनना परत आत यायचं असतं, आणि वाट असते ती एका फिरत्या प्रथिनातून. अक्षरशः फिरत्या. एटीपी सिंथेज नावाचं हे यंत्र सेकंदाला शंभराच्या वर फेऱ्या मारू शकतं आणि दर फेरीला एटीपीचे तीन रेणू तयार करतं. एटीपी म्हणजे पेशी आपल्या कामांसाठी खर्चते ते ऊर्जेचं चलन. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या यंत्राला एक चमकता धागा चिकटवून ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. मी तेव्हा शिकवत होते. वर्गात इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून दाखवलेली गोष्ट खरोखर गरगरते आहे हे पाहून मला रात्री झोप आली नव्हती.

हे धरण आधी सुचलं पीटर मिचेल या इंग्रज माणसाला, १९६१ मध्ये. लोकांनी वेड्यात काढलं. सगळेजण ऊर्जा वाहून नेणारा एखादा रेणू शोधत होते आणि हा म्हणत होता, रेणू नाहीच, नुसता दोन बाजूंतला फरक आहे. पुढे प्रकृती बिघडली म्हणून विद्यापीठ सोडून तो कॉर्नवॉलला गेला, एक पडकी हवेली दुरुस्त केली, तिथेच छोटी प्रयोगशाळा थाटली. १९७८ चं नोबेल त्याला एकट्याला मिळालं. आणि खुद्द एटीपी? ते १९२९ मध्ये जर्मनीत लोमानने आणि त्याच वर्षी हार्वर्डमध्ये फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी वेगळं काढलं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. बारावीच्या पुस्तकात क्रेब्ज असतो, सुब्बाराव क्वचितच. असो.

आता डब्याशी थेट संबंध असलेली गोष्ट सांगते. एका वेळी तुमच्या सबंध शरीरात एटीपी असतं फार तर पाव किलो. आणि दिवसभरात तुम्ही ते वापरता जवळजवळ तुमच्या वजनाइतकं. म्हणजे तेच ते रेणू दिवसातून शेकडो वेळा खर्च होतात आणि पुन्हा भरले जातात. बाजारात एकच दहाची नोट भाजीवाल्याकडून चहावाल्याकडे, चहावाल्याकडून रिक्षावाल्याकडे फिरत राहते, तसं. बँकेत ठेव म्हणून एटीपी ठेवायची सोय शरीरात नाही. जास्तीचं अन्न आलं तर शरीर त्याची चरबी करून ठेवतं, एटीपी करून नाही.

आणि ही नोट पुन्हा कधी भरायची हे खर्च ठरवतो. एटीपी वापरलं गेलं की त्याचं एडीपी होतं. ते एडीपी परत टर्बाइनकडे आलं तरच टर्बाइन फिरतं. आलं नाही तर टर्बाइन थांबतं, प्रोटॉन भिंतीमागे तुंबतात, पंपांचा जोर चालेनासा होतो, इलेक्ट्रॉनांची रांग खोळंबते. तुम्ही आरामखुर्चीत बसून वरून कितीही इंधन ओतलंत तरी धरण भरलेलं आहे आणि खाली वीज कुणाला नकोय. ‘ऊर्जा वाढवणारा’ डबा ही ऊर्जा ठेवणार कुठे, एवढाच माझा जाऊबाईंच्या कंपनीला प्रश्न आहे.

मायटोकॉन्ड्रियावर खरोखर परिणाम करणारी गोळी मात्र जगात एकदा येऊन गेली. तिचीही गोष्ट ऐका. डायनायट्रोफेनॉल, डीएनपी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हे रसायन हाताळणारे कामगार घामाघूम होत, वाळत जात, तापाने मरत. १९३३ मध्ये अमेरिकेत ते वजन कमी करायचं औषध म्हणून पुढे आलं. ते करतं काय, तर धरणाच्या भिंतीला भोकं पाडतं. प्रोटॉन टर्बाइन टाळून नुसते झिरपून आत येतात, एटीपी होत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. वजन उतरायचं, अगदी झरझर. काहींना मोतीबिंदू झाले, काही अंगातल्या उष्णतेने गेले. १९३८ मध्ये अमेरिकेने ते बंद केलं. थोडी झिरप निसर्गानेही ठेवलेली आहे म्हणा. नवजात बाळाच्या पाठीत-खांद्यांत जी तपकिरी चरबी असते, तिच्यातल्या तंतुकणिका मुद्दाम गळतात आणि बाळाला ऊब देतात. पण तिथे नळाची चावी शरीराच्या हातात असते.

यापेक्षा विलक्षण केस १९६२ मध्ये स्वीडनमध्ये नोंदली गेली. एक बाई भरपूर खायची, तरी काडी. कायम घामाने निथळलेली, कायम थकलेली. थायरॉईड तपासलं तर ठीक. रोल्फ लुफ्त यांनी तिच्या स्नायूचा तुकडा तपासला तेव्हा कळलं, तिच्या मायटोकॉन्ड्रिया खर्चाची वाट न बघता अखंड जळत होत्या. मायटोकॉन्ड्रियाचा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला आजार. लक्षात घ्या, तो कळायला स्नायूचा तुकडा काढावा लागला. आजही असा संशय आला तर रक्तातलं लॅक्टेट, जनुकीय तपासणी, कधी स्नायूची बायोप्सी, अशा वाटेने जावं लागतं. मुठीत दांडी धरून ३८ टक्के सांगणारं यंत्र तळहाताच्या कातडीतून वीज किती जाते याहून जास्त काही मोजू शकत नाही. तो आकडा तळहाताच्या घामाचा. दिवाळीत फराळ करता करता तुम्ही ती दांडी धरली असणार, त्यात चकलीचं तेलही धरा.

आता तुमच्या तीन ओळी.

पहिली, पाळीला जास्त जाणं. ‘वयच ते’ हे आपल्याकडच्या बायकांचं आवडतं निदान. जास्त रक्त जातं म्हणजे लोह जातं. लोहाचं नाव काढलं की आपल्याला हिमोग्लोबिन आठवतं, आणि ते बरोबरच आहे. ऑक्सिजन पोहोचला नाही तर ती शेवटची पायरी अडते, जिन्यावर धाप लागते. पण लोहाचं काम तिथे संपत नाही. इलेक्ट्रॉन हातोहात देणाऱ्या त्या साखळीतले कितीतरी हात लोहाचेच आहेत. आणखी गंमत अशी की हिमोग्लोबिनमधला ‘हीम’ हा भाग घडवण्याची पहिली आणि शेवटची पायरी मायटोकॉन्ड्रियातच होते, लोह त्यात बसतं तेही तिथेच. तांबडी पेशी तयार होताना हे सगळं उरकते आणि पूर्ण वाढ झाली की आपल्या तंतुकणिका टाकून देते. त्यामुळे ती स्वतः वाहून नेत असलेला ऑक्सिजन वाटेत वापरत नाही. एसटीच्या पार्सलवाल्याने डबा उघडून खाऊ नये, अशी सोय.

म्हणून कधी कधी हिमोग्लोबिन १२ च्या वर असतं, डॉक्टर ‘नॉर्मल’ म्हणतात, आणि बाई थकलेलीच. अशा वेळी फेरिटिन, म्हणजे लोहाची साठवण, तपासावी लागते. हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन कमी असलेल्या थकलेल्या स्त्रियांना लोह दिल्यावर त्यांचा थकवा कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं आहे. तुम्ही एकट्या नाही आहात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत शंभरात ५७ जणींना रक्तक्षय निघाला. पण नुसतं लोह घेऊन थांबू नका. रक्त जास्त का जातंय हे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भाशयात गाठ असेल, थायरॉईड असेल, पाळी जाण्याआधीचे हार्मोन्सचे चढउतार असतील. गळका माठ नुसता भरत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी ओळ, मेटफॉर्मिन, आणि तिसरी, घर माळकरी. या दोन वेगळ्या लिहिल्यात तुम्ही. मी त्या एकत्र वाचल्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की काहींच्या शरीरात बी-१२ नीट शोषलं जात नाही. आणि बी-१२ मिळतं प्राणिजन्य अन्नातून. माळ असलेल्या घरात दूध, दही, ताक हाच काय तो आधार. म्हणजे आवकही कमी आणि शोषणही कमी. सहा वर्षांत शिल्लक संपायला पुरेसा वेळ झाला.

बी-१२ चा मायटोकॉन्ड्रियाशी काय संबंध? माणसाच्या शरीरात हे जीवनसत्त्व फक्त दोन विकरांना (एन्झाइमना) लागतं. त्यातलं एक विकर पेशीच्या द्रवात असतं, रक्तपेशींच्या वाढीशी ज्याचा संबंध. दुसरं थेट मायटोकॉन्ड्रियात असतं. काही स्निग्धाम्लांचे आणि प्रथिनांचे तुकडे ते क्रेब्ज चक्रात आणून सोडतं. हात-पायांना मुंग्या येतात का, जीभ चुरचुरते का, बोलताना शब्द आठवत नाहीत का, याकडे लक्ष द्या आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. बी-१२ ची कमतरता फार काळ राहिली तर नसांना इजा होते आणि ती सगळी भरून येईलच असं नसतं. पण मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. हे मी दोनदा लिहिलं असं समजा. गोळी चालू ठेवून बी-१२ देता येतं.

तेव्हा येत्या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन, बी-१२, टीएसएच (थायरॉईड) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) करायला सांगा. घोरत असाल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकणारी माणसं अशीच सकाळी दमलेली उठतात. धाप वाढली, छातीत दुखलं, चक्कर आली तर आठवड्याची वाट बघू नका. एचबीए१सीचा आकडा वाचताना डॉक्टरांना रक्तक्षयाची आठवण करून द्या, लोह कमी असलं की तो आकडा खरा असेल त्याहून चढा दिसू शकतो. आणि रक्त देण्याआधी जाऊबाईंचा डबा चुकूनही उघडू नका. त्यात बी-१२ असलं तर रिपोर्टमध्ये पातळी बरी दिसेल आणि खरी गोष्ट झाकली जाईल. बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असलं तर थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. माझा त्या डब्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे, तो पैशांचा नाही.

डब्यातल्या को-क्यू-टेनबद्दल मात्र मी कुचेष्टेने बोलणार नाही. ते खरं आहे. १९५७ मध्ये फ्रेडरिक क्रेन यांनी गुरांच्या हृदयातल्या मायटोकॉन्ड्रियांतून ते वेगळं काढलं. साखळीत इलेक्ट्रॉनांची घमेली एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे पोहोचवणारा गडी म्हणजे को-क्यू-टेन. पण निरोगी शरीर ते स्वतः बनवतं. ज्यांना जनुकीय दोषामुळे ते बनवता येत नाही अशा फार थोड्या रुग्णांना ते औषध म्हणून दिलं की फरक पडतो. हृदयविकारात डॉक्टर कधी देतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी रक्तातली त्याची पातळी उतरते, पण गोळ्यांमुळे होणाऱ्या स्नायूदुखीवर ते लागू पडतं का याबाबत अभ्यासांचं एकमत नाही. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. घमेलीत घालायला मालच कमी असताना गडी वाढवून काय साधणार?

रिपोर्ट आले, लोह किंवा बी-१२ सुरू झालं, महिना-दीड महिन्याने जरा बरं वाटायला लागलं की मग मी सांगते ते करा. चाला. ‘चालणं आरोग्याला चांगलं’ असं भिंतीवर लिहितात त्या अर्थाने मी हे म्हणत नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला जॉन होलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे पट्ट्यावर पळवलं. त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. त्यांना कसलीही पावडर दिली नव्हती. स्नायूने वारंवार जास्त वीज मागितली, तेव्हा पेशीने नवी वीजघरं बांधली. ही मागणी केंद्रकातल्या जनुकांपर्यंत पोहोचवणाऱ्या प्रथिनांचा मोठा पसारा आता माहीत आहे, तो इथे नको. उलटही खरं आहे, काही आठवडे अंथरुणाला खिळलं की वीजघरं कमी होतात. प्रीतिसंगमाच्या बागेत संध्याकाळी आधी दहा मिनिटं, मग वीस. बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत वेग पुरे. आत्ता मात्र नको. रक्त कमी असताना स्वतःला फरफटत नेलंत तर चौथ्या दिवशी सोडून द्याल आणि वर दोष स्वतःच्या आळसाला द्याल.

आहारातलं थोडक्यात. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला, चहा लोह शोषू देत नाही. पालेभाजी-मटकीवर लिंबू पिळा. बाकी कराडकडच्या जेवणाला मी काय शिकवणार.

मुलीचं राहिलं. तिचं पुस्तक खरं बोलतंय, आणि जाऊबाईंनी त्या खऱ्या वाक्याला खोटं शेपूट जोडलं. तंतुकणिकांचा स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडूनच येतो. कधीकाळी तो एका स्वतंत्र जिवाणूचा होता, जो दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच नांदला. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे ठासून मांडलं तेव्हा त्यांचा लेख एकामागून एक नियतकालिकं परत करत होती. पण इतक्या काळात त्या जिवाणूची बहुतेक जनुकं हरवली किंवा पेशीच्या केंद्रकात गेली. आता उरलीत ३७. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी हजाराहून जास्त प्रथिनं केंद्रकातून येतात, म्हणजे निम्मी जबाबदारी बापाचीही आहे. तुमचं कमी झालेलं लोह मुलीच्या डीएनएत उतरत नाही. खरे मायटोकॉन्ड्रियाचे आजार वेगळेच दिसतात : पापण्या खाली पडणं, लहान वयात झटके, किंवा आई, मावशी, आजी अशा माहेरच्या ओळीत मधुमेह आणि कमी ऐकू येणं हे दोन्ही बरोबर चालत येणं. तुमच्या माहेरी असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा. नसेल तर मुलीचं फक्त हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या. या वयात पाळी सुरू असलेल्या कुठल्याही मुलीचं बघावं, तेवढ्याच कारणाने.

आणि जाऊबाई. त्या तुम्हाला फसवतायत असं मला वाटत नाही. त्यांना कुणीतरी हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवल्या असतील आणि त्यांनी स्वतःचेही पैसे घातले असतील. म्हणून ‘हे सगळं खोटं आहे’ असं चारचौघांत म्हणू नका. थोरल्या आहेत, दिवाळीला पुन्हा एका पंगतीला बसायचंय. असं सांगा : ‘वहिनी, तुम्ही म्हणालात म्हणून मी तपासणी करून घेतेय. साखरेची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी रिपोर्ट येईपर्यंत दुसरं काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय.’ यात खोटं काही नाही, आणि त्यांचा मानही राहतो. मग वाटलं तर डब्यामागची बारीक अक्षरं त्यांच्याचकडून वाचून घ्या. आपल्याकडे असल्या पूरकांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी ओळ छापावीच लागते. चाळिशीचा चष्मा दोघींनाही असेल, एकत्र शोधा. आणि त्यांचंही हिमोग्लोबिन एकदा तुमच्याबरोबर होऊन जाऊ दे. इतक्या उत्साहाने दारोदारी फिरणाऱ्या बायकांच्या थकव्याबद्दल कुणी विचारत नाही.

रिपोर्ट आले की आकडे कळवा.

ता.क. लेकीसाठी : ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी किती, यावर तिच्या पुस्तकात ३८ असेल आणि क्लासचे सर ३२ म्हणत असतील. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ३८ हा जुन्या हिशेबाचा आकडा, धरण जराही गळत नाही आणि माल आत-बाहेर न्यायला काही खर्च नाही असं धरलेला. आता ३० ते ३२ मानतात. पेपरात पुस्तकातला लिहायचा.